घरी बसवलेल्या सिस्टीममधून इंजिनाची शिट्टी येतेय : उगम कसा शोधायचा?

बोरघाट :
मंडळी, जरा डोकं लावून मदत करा.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१३ चं मॉडेल, गेल्या वर्षी सेकंडहँड घेतली. आधीचे मालक रेवदंड्याचे, गाडी कायम समुद्राकाठी उभी असायची. इंजिन ठणठणीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या घरी साउंड सिस्टीम बसवली. डॅशबोर्डात स्टिरिओ, डिक्कीत चार चॅनेलचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर), पुढच्या दारांत कंपोनंट स्पीकर आणि मागे दहा इंची सबवूफर. अ‍ॅम्पची पॉवर थेट बॅटरीवरून ८ गेजच्या तांब्याच्या तारेने आणली आहे, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज आहे. अ‍ॅम्पचा अर्थ, म्हणजे निगेटिव्हची परतीची जोडणी, डिक्कीतच, स्पेअर व्हीलच्या खड्ड्याशेजारी रंग खरवडून बोल्टने आवळला आहे. तार जेमतेम फूटभर.

आता त्रास. चावी ऑन, इंजिन बंद : एकदम शांत, आवाज सुंदर. इंजिन चालू केलं की ट्वीटरमधून बारीक शिट्टी सुरू होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी वर चढते, सोडला की खाली येते. स्टिरिओचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच राहते. एसी आणि हेडलाइट लावले की आणखी वाढते. आई मागे बसली होती, तिने दोनदा काच खाली केली. तिला वाटलं गाडीत डास शिरलाय.

एक दुकानदार म्हणतो फिल्टर लावा, दुसरा म्हणतो अ‍ॅम्पच बदला. मला आंधळेपणाने काही विकत घ्यायचं नाहीये. आधी आवाज कुठून शिरतोय ते कळायला हवं. कुठून सुरुवात करू?

लॅमिंग्टनवाला :
आरसीएच्या तारांमध्ये, म्हणजे स्टिरिओकडून अ‍ॅम्पकडे गाणं नेणाऱ्या तारांमध्ये, ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. तो गाणं जाऊ देतो, पण दोन्हीकडचे अर्थ एकमेकांपासून तोडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन-तीनशे रुपयांत मिळतो. पाच मिनिटांचं काम, शिट्टी गायब. मी दोन गाड्यांत लावलाय.

डिझेलवाला :
आरसीए आणि पॉवरची तार एकाच बाजूने नेली आहे का? तसं असेल तर तेच कारण. एक ड्रायव्हरच्या बाजूने, दुसरी पलीकडून न्या.

तांब्याची तार :
लॅमिंग्टनवाला, आयसोलेटरने शिट्टी जाईल हे मान्य. पण स्वस्तातल्या आयसोलेटरमध्ये एवढासा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला खालचा बेस झेपत नाही. बोरघाटांनी दहा इंची वूफर बसवलाय. त्याच्या तोंडचा घास काढून घेण्याआधी मूळ दुखणं तरी पाहूया.

बोरघाट, तुमच्या वर्णनातच निम्मं उत्तर आहे. व्हॉल्यूम शून्य केला तरी शिट्टी तेवढीच राहते, म्हणजे ती स्टिरिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे कुठेतरी शिरतेय. राहिलं काय? स्टिरिओचा आउटपुट, आरसीए, अ‍ॅम्प आणि त्यांचे अर्थ. गाणं, ब्लूटूथ, मोबाइल यांच्याकडे आत्ता बघूच नका.

पहिली चाचणी अशी. सगळं बंद करा. अ‍ॅम्पच्या बाजूने आरसीए काढा, मग इंजिन चालू करा. शिट्टी गेली तर अ‍ॅम्प, त्याची पॉवर आणि स्पीकरच्या तारा निर्दोष. आवाज आरसीएतून येतोय. शिट्टी राहिली तर अ‍ॅम्पची पॉवर, अर्थ किंवा अ‍ॅम्प स्वतः.

दुसरी चाचणी : एक साडेतीन मिलिमीटर ते आरसीए तार घ्या आणि मोबाइल थेट अ‍ॅम्पला जोडून गाणं लावा. मोबाइल चार्जिंगला लावायचा नाही, हे महत्त्वाचं. आवाज स्वच्छ आला तर अ‍ॅम्पला क्लीन चिट.

आणि कळकळीने सांगतो, स्टिरिओ चालू असताना आरसीए ओढायची नाही. काही स्टिरिओंमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कड्याचा अर्थ एका केसाएवढ्या फ्यूजमधून जातो. चालू असताना ओढाताण झाली तर तो उडतो, आणि मग एक नवीनच शिट्टी मागे लागते.

रसिका_ठाणे :
मोबाइल चार्जिंगला लावायचा नाही, याला हजार वेळा अनुमोदन. आमच्या गाडीत साधा कंपनीचा स्टिरिओ आहे, अ‍ॅम्प वगैरे काही नाही. ऑक्सने फोन जोडला की छान, पण तोच फोन सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये चार्जिंगला लावला की कुईंऽऽ सुरू. चार्जर काढला की बंद. हेही हेच प्रकरण का?

तांब्याची तार :
हो, अगदी हेच. फोनचा अर्थ ऑक्सच्या तारेतून स्टिरिओला आणि चार्जरमधून सॉकेटला, असा दोन ठिकाणी जोडला जातो. त्या दोन ठिकाणांच्या अर्थमध्ये जराही फरक असला की तो फरक गाण्यात मिसळतो. तुमच्यासाठी ब्लूटूथ हा सोपा उपाय. ऑक्सच हवा असेल तर तिथे छोटा आयसोलेटर लावा. तिथे लॅमिंग्टनवाल्यांचं म्हणणं शंभर टक्के लागू.

मिशिगनचा मावळा :
मी डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या चाचण्या करतो. गाडीतल्या उपकरणांनी गाडीतल्याच रेडिओला किती त्रास दिलेला चालतो, याच्या मर्यादा ठरवणारं सिस्पर २५ नावाचं मानक आहे; माझा दिवस त्यातच जातो. त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

आधी शिट्टी कशाची ते सांगतो. इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तीन फेजची एसी वीज बनवतो आणि आतले सहा डायोड तिची डीसी करतात. ती डीसी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा असतात. बहुतेक अल्टरनेटरला बारा पोल, म्हणजे सहा जोड्या. एका फेऱ्यात सहा गुणिले सहा, छत्तीस लाटा. पुलीच्या गुणोत्तरामुळे अल्टरनेटर इंजिनाच्या साधारण अडीच ते तीन पट वेगाने फिरतो. अडीच धरूया. इंजिन ८०० आरपीएमवर आयडलिंग करत असेल तर अल्टरनेटर २०००, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ फेरे. ३३ गुणिले ३६, झाले साधारण १२०० हर्ट्झ. इंजिन ३००० वर नेलं की ४५०० हर्ट्झ. माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो, म्हणून एवढीशी लाटही टोचते. आणि म्हणूनच बोरघाटांना ती वूफरमधून न येता ट्वीटरमधून येते.

डिझेलवाला, तुमच्याशी एका मुद्द्यावर असहमत. पॉवरच्या तारेशेजारून आरसीए नेली म्हणून शिट्टी येते, हे अर्धसत्य आहे. शेजारच्या तारेतून चुंबकीय क्षेत्राने उडी मारणारा आवाज असतो, नाही असं नाही. पण धड शिल्ड, म्हणजे तारेभोवतीचं धातूचं जाळीदार आवरण, असलेल्या आरसीएत तो फार कमी असतो. मी पाहिलेल्या बहुतेक भानगडी अर्थच्या होत्या. वेगळ्या बाजूने तार न्यावी, जरूर न्यावी, पण त्यासाठी आख्खं कार्पेट उचकटण्याआधी अर्थ मोजावेत.

डिझेलवाला :
मान्य आहे साहेब, पण माझ्या जुन्या जीपमध्ये तार हलवल्यावरच आवाज गेला होता, हेही खरं.

मिशिगनचा मावळा :
असेल ना. आरसीएचं शिल्ड पातळ असेल किंवा तार इंजिनाच्या तारांच्या उघड्या जुडग्याला (हार्नेसला) चिकटून असेल तर होतं. म्हणूनच चाचणी हवी. पॉवरची तार होती तिथेच ठेवून एक लांब आरसीए सीटच्या वरून, हवेतून तात्पुरती ओढायची. आवाज बदलला तरच कार्पेट काढायचं.

जुनी फियाट :
थोडं अवांतर. आमच्या वेळी ही शिट्टी नव्हती, तडतड होती. वडिलांच्या फियाटमध्ये रेडिओवर पुणे केंद्र लावायचं, ७९२ किलोहर्ट्झ, आणि गाडी चालू केली की बातम्यांवर टरटरटर सुरू. ती ठिणगीची. पॉइंट आणि इग्निशन कॉइलमुळे मीडियम वेव्हवर सगळं ऐकू यायचं. नाना पेठेतला मेकॅनिक कॉइलला एक पत्र्याचा गोल कंडेन्सर लावून द्यायचा आणि तडतड बरीच कमी व्हायची. इंजिनाच्या वेगाबरोबर तीही वाढायची, पण शिट्टीसारखी सलग नसायची, तुटक असायची. हल्लीच्या मुलांना हा फरक कानाने ओळखता यायला हवा म्हणून सांगितलं.

तांब्याची तार :
काका, अजिबात अवांतर नाही. सलग शिट्टी, वेगाबरोबर चढणारी : अल्टरनेटर. तुटक टकटक, वेगाबरोबर वाढणारी : इग्निशन, अशा वेळी स्पार्क प्लग रेझिस्टरवाले आहेत का आणि प्लगच्या केबलींना चिरा गेल्यात का ते बघायचं. चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद भुणभुण येऊन थांबते, ती बहुधा पेट्रोल पंपाची. आणि इंजिन बंद असतानाही सतत हिस्स येत असेल तर तो अ‍ॅम्पचा गेन जास्त, म्हणजे येणारा सिग्नल किती मोठा करायचा ते बटण जास्त फिरवलेलं.

पंचगंगा :
आमच्या कोल्हापुरात एक दोस्त हाय, त्यानं शिट्टी घालवायला एक फॅरडचा कपॅसिटर बसवला. दिसतोय लय भारी, निळा आकडा चमकतोय. शिट्टी हाय तिथंच हाय.

मिशिगनचा मावळा :
पंचगंगा, तो कपॅसिटर बेसच्या ठोक्याला व्होल्टेज पडू नये म्हणून असतो. अर्थच्या फरकावर त्याचा काही इलाज चालत नाही.

बोरघाट :
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी दोन्ही चाचण्या केल्या.

अ‍ॅम्पकडून आरसीए काढली, इंजिन चालू केलं : पूर्ण शांत. मोबाइल थेट अ‍ॅम्पला : गाणं स्वच्छ, अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी शिट्टी नाही. म्हणजे अ‍ॅम्प सुटला.

मग मल्टीमीटर काढला आणि घाबरलो. बॅटरीवर डीसी १४.१ व्होल्ट, ते ठीक. पण लाटा बघायला एसीवर टाकला तर ३१ व्होल्ट! अल्टरनेटर गेला का?

तांब्याची तार :
मीटर पिवळा, तळहाताएवढा, पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतो तसला आहे का?

बोरघाट :
हो, तोच. कसं ओळखलंत?

तांब्याची तार :
कारण १४.१ ला २.२ ने गुणलं की ३१ येतात. त्या मीटरच्या एसी रेंजमध्ये डीसी अडवायला कपॅसिटर नसतो. आत एकच डायोड असतो आणि आकडा साइन वेव्ह समजून गुणून दाखवला जातो. प्रोब उलटे लावा, शून्य दाखवेल. अल्टरनेटरला काही झालेलं नाही. शिवाय त्याची सगळ्यात खालची एसी रेंज २०० व्होल्टची, त्यात मिलिव्होल्ट दिसणारच नाहीत. ट्रू आरएमएस मीटर, म्हणजे वेड्यावाकड्या लाटाही बरोबर मोजणारा, कोणाकडे मिळाला तर बघा. बॅटरीवर लाट शंभरेक मिलिव्होल्टच्या आत असेल तर डायोड ठीक. अर्धा व्होल्ट किंवा वर दिसली तर डायोड गेल्याचा संशय.

पण डीसी मोजायला तुमचा मीटर उत्तम आहे, आणि खरं काम आता डीसीचंच आहे.

आडवाटेने :
प्रोब उलटे करून बघितलं, माझाही शून्य दाखवतो! इतकी वर्षं हा मीटर वापरतेय आणि हे माहीत नव्हतं. धागा वाचनखुणेत.

मिशिगनचा मावळा :
बोरघाट, आता हे करा. इंजिन चालू, हेडलाइट, एसी, मागच्या काचेचा डीफॉगर, सगळं चालू. आरसीए काढलेली. मीटर डीसीच्या सगळ्यात खालच्या रेंजवर. आकडा मावला नाही तर एक रेंज वर. एक लांब तार घेऊन बॅटरीच्या निगेटिव्हपासून या प्रत्येक जागेपर्यंत व्होल्टेज बघा :
अ‍ॅम्पचा अर्थ बोल्ट,
बॉनेटखाली गाडीच्या बॉडीचा कुठलाही उघडा बोल्ट,
इंजिनाचा ब्लॉक,
आणि स्टिरिओची काळी तार.
स्टिरिओचं मोजताना अँटेनाची पिनही काढा, नाहीतर ती बॉडीला टेकून आकडा बिघडवेल.

बॅटरीच्या खांबालाच प्रोब लावा, क्लॅम्पला नको. दूषित क्लॅम्पही वाटेतला वाटेकरी असू शकतो.

रसिका_ठाणे :
वाचतेय. मला यातलं काही करायचं नाहीये, पण पुढे काय होतं याची उत्सुकता लागली आहे :)

लॅमिंग्टनवाला :
एवढ्या वेळात आयसोलेटर लावून लोणावळ्यापर्यंत जाऊन आलो असतो. पण लगे रहो, मीही बघतोय.

बोरघाट :
मोजलं. भावाने आत बसून आरपीएम १५०० वर धरला, मी बाहेर.

बॅटरी निगेटिव्ह ते अ‍ॅम्पचा अर्थ बोल्ट : ०.४१ व्होल्ट
बॅटरी निगेटिव्ह ते बॉनेटखालची बॉडी : ०.३८
बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन ब्लॉक : ०.०२
बॅटरी निगेटिव्ह ते स्टिरिओची काळी तार : ०.०१

स्टिरिओचा आकडा इतका चांगला कसा, म्हणून काळी तार कुठे जाते ते शोधलं. स्टिरिओच्या मागे कंपनीच्या कपलरमधली काळी तार कापून टेप गुंडाळलेली. तिच्याऐवजी एक वेगळी तार स्टीअरिंगच्या खालून, फायरवॉलच्या रबरी ग्रोमेटमधून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला गेली आहे. ही माझी नाही. आधीच्या मालकांच्या काळात कोणीतरी टाकलेली, टेप पार चिकट होऊन सुटत आला होता.

तांब्याची तार :
सापडलं!

मिशिगनचा मावळा :
सापडलं. आता सगळं जुळतं, सांगतो.

अ‍ॅम्पपासून बॉनेटखालच्या बॉडीपर्यंत फरक फक्त ०.०३. म्हणजे तुमचा डिक्कीतला अर्थ उत्तम आहे, त्याला हात लावू नका. बॅटरी ते इंजिन ०.०२, तेही उत्तम. बिघाड आहे तो बॅटरीचा निगेटिव्ह आणि गाडीची बॉडी यांच्या मधल्या जोडणीत. ०.३८ व्होल्ट तिथेच सांडतायत. बॅटरीजवळून बॉडीला जाणारा छोटा काळा पट्टा किंवा तार असेल, तिचं टोक बघा. रेवदंड्याची खारी हवा आणि इतकी वर्षं.

बॉडीला जोडलेल्या सगळ्या वस्तूंचा करंट, म्हणजे हेडलाइट, ब्लोअर, डीफॉगर, या खराब जोडणीतून परत जायला धडपडतोय. पूर्वीच्या स्टिरिओला त्यामुळे त्रास होत असणार आणि कोणीतरी त्यावर पळवाट काढली : स्टिरिओचा अर्थ थेट बॅटरीला. त्या काळी अ‍ॅम्प नव्हता, त्यामुळे निभावलं. आता तुम्ही अ‍ॅम्प बॉडीला अर्थ केलात, जे बरोबरच आहे. पण स्टिरिओ बॅटरीला, अ‍ॅम्प बॉडीला आणि दोघांना जोडणारी आरसीए. आरसीएचं बाहेरचं शिल्ड हा बॉडी आणि बॅटरी यांच्यातला पूल झाला. बॉडीचा थोडा करंट त्या नाजूक शिल्डमधून वाहतो आणि त्याच्यावरची अल्टरनेटरची लाट अ‍ॅम्पला गाणं वाटते.

हेडलाइट लावल्यावर शिट्टी का वाढते? बॉडीतला करंट वाढतो म्हणून. इंजिन बंद असताना शांत का? तेव्हा फरक असतो पण तो सपाट डीसी असतो, आणि डीसी अ‍ॅम्पच्या इनपुटमधून पुढे जात नाही.

डिझेलवाला :
हे वाचून मजा आली. आणि खात्री करायची असेल तर एक जाड तार बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीच्या उघड्या बोल्टला तात्पुरती जोडा. जंप स्टार्टची केबल चालेल. शिट्टी जायला हवी.

तांब्याची तार :
डिझेलवाला, झकास सूचना. फक्त बोरघाट, केबलची दुसरी, लाल जोडी कुठेही टेकणार नाही अशी ठेवा.

कणकवलीकर :
आमच्याकडे कोकणात हा पट्टा दर चार-पाच वर्षांनी बघायचाच असतो. वरून रंग काळा, छान दिसतो. थिंबल (तारेच्या टोकाची बोल्टात बसणारी धातूची कडी) उचलला की खाली हिरवी बुरशी. गाडी स्टार्ट होत नाही म्हणून लोक बॅटरी बदलतात, मग स्टार्टर उघडतात, आणि दुखणं या बोटभर तुकड्यात असतं.

बोरघाट :
जंप केबल लावली. शिट्टी जवळजवळ संपली! भाऊ आतून ओरडला, "दादा, काय केलंस?"

मग बॅटरी सोडवली, आधी निगेटिव्ह. बॅटरीच्या ट्रेखाली काळी जाड तार बॉडीला दहा नंबरच्या बोल्टने आवळलेली. वरून धडधाकट. बोल्ट सोडवायला गेलो तर अर्ध्या फेऱ्यातच डोकं झिजलं, मग तेल सोडून तासभर ठेवला आणि लॉकिंग प्लायरने काढला. थिंबल उचलला आणि कणकवलीकर म्हणाले तेच. मोरचुदासारखी हिरवी-निळी पूड. तार थिंबलमध्ये शिरते तिथला रबर किंचित फुगला होता. ब्लेडने कापला, तर आतलं तांबं काळं पडून भुगा झालेलं, निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या. बाहेरून काहीच कळलं नसतं. नुसता बोल्ट घासून परत आवळला असता तरीही भागलं नसतं.

उद्या नवी तार करून घेतो. कोणती घेऊ? आणि रंग किती खरवडू, पुन्हा गंज येणार नाही ना?

तांब्याची तार :
२५ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची तार घ्या, ४ गेजपेक्षा किंचित जाड. बॅटरीवाल्याकडे दोन्ही टोकांना थिंबल हायड्रॉलिक प्रेसने दाबून मिळतो. हातोडीने ठोकलेला थिंबल घेऊ नका, त्यात हवा राहते आणि तीच खारी हवा पुढचा भुगा करते. वर हीट श्रिंक नळी, शक्यतो आतून गोंद असलेली.

तार तांब्याचीच आहे ना हे बघून घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार सर्रास मिळते. ब्लेडने एक तंतू खरवडला की आतून पांढरी निघते. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट, आणि खाऱ्या हवेत ती आणखी लवकर मरते.

पंचगंगा :
आणि वजनावरनं पण कळतंय. तांब्याची तार हातात घेतली की जड लागती.

कणकवलीकर :
रंग फक्त थिंबल बसेल तेवढाच काढायचा, पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत. थिंबलखाली दातेरी वॉशर. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस फासायचं. आधी फासून मग आवळू नये असं मी म्हणेन, पण इथे काही जण नेमकं उलट सांगतात.

मिशिगनचा मावळा :
दोन्ही चालतं. बोल्ट नीट आवळला की धातू धातूला दाबून ग्रीस बाजूला सारतो. मी स्वतः आधी पातळ हात फिरवतो आणि नंतर वरून जाड थर देतो, कारण पाणी खालून शिरतं. हवा आणि ओल आत जाऊ न देणं महत्त्वाचं.

एक इशारा, हा बोरघाटांसाठी नाही, धागा वाचणाऱ्या इतरांसाठी. अ‍ॅम्पचा अर्थ सीट बेल्टच्या बोल्टला कधीही घेऊ नका. हाताशी असतो, मोठा असतो, मोह होतो. पण तो ठरावीक ताकदीने आवळलेला जीव वाचवणारा बोल्ट आहे, त्याच्याखाली थिंबल घालून ती आवळ बिघडवायची नाही.

बोरघाट :
काम झालं. नवी तार लावली, बोल्टही नवा. आता सगळे दिवे, एसी, डीफॉगर लावून अ‍ॅम्पचा अर्थ ते बॅटरी निगेटिव्ह ०.०४ व्होल्ट. गाडीत बसल्यावर शिट्टी नाही. ट्वीटरला कान चिकटवला तर अगदी पुसट ऐकू येते. आणखी एक फायदा : आयडलिंगला हेडलाइट किंचित लुकलुकायचे, ते थांबलं. मी ते जुन्या गाडीचं लक्षण म्हणून सोडून दिलं होतं.

ती बॅटरीला गेलेली स्टिरिओची तार ठेवू की काढू?

मिशिगनचा मावळा :
काढा. स्टिरिओचा अर्थ डॅशबोर्डमागच्या बॉडीच्या लोखंडाला द्या किंवा कपलरमधली मूळ काळी तार परत जोडा. अ‍ॅम्प आणि स्टिरिओ दोघांचा संदर्भ बॉडी झाला की उरलेली पुसट शिट्टीही जाईल. शिवाय बॉडीचा पट्टा पुन्हा कधी कुजलाच तर सगळा करंट त्या बारीक तारेतून जाण्याचा धोका राहणार नाही.

लॅमिंग्टनवाला :
बोरघाट, अभिनंदन. आयसोलेटर लावला असता तर शिट्टी गेली असती आणि ती कुजलेली तार तशीच राहिली असती, हे मला पटलं. तरीही आयसोलेटरची बाजू मांडतो. माझ्या एका गाडीत टॅक्सीचा मीटर, ट्रॅकर, कॅमेरा, सगळ्यांचे अर्थ वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या ठिकाणी घेतले होते. ते सगळं उपसायला दोन दिवस गाडी उभी ठेवावी लागली असती, धंदा बुडाला असता. तिथे आयसोलेटरनेच वाचवलं. घ्यायचा तर फक्त जरा चांगला घ्या.

तांब्याची तार :
हे पूर्ण मान्य. मोजून, कारण कळून, मग लावलेला आयसोलेटर वेगळा.

आडवाटेने :
एक शंका. आमची इलेक्ट्रिक गाडी आहे. तिला अल्टरनेटरच नाही, मग अ‍ॅम्प बसवला तर हा त्रास होणारच नाही ना?

मिशिगनचा मावळा :
ताई, अल्टरनेटर नाही पण मोठ्या बॅटरीवरून १२ व्होल्ट बनवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो आणि मोटरचा इन्व्हर्टर असतो. दोन्ही स्विचिंगवर चालतात. त्यामुळे आवाज आला तर तो वेगळ्या सुराचा येईल, पण अर्थचे नियम तेच. १२ व्होल्टच्या बाजूलाच काम करायचं. नारिंगी आवरणाच्या केबली दिसल्या तर त्यांच्या वाटेलाही जायचं नाही, त्यांत शेकडो व्होल्ट असतात. अशा गाडीत तार ओढण्याचं काम कंपनीच्या प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या.

डिझेलवाला :
बोरघाट, आता गेनही एकदा बघून घ्या. शिट्टी असताना बरेच जण गाणं तिच्या वर यावं म्हणून गेन चढवून ठेवतात.

बोरघाट :
गेन पावपेक्षा थोडा वर आहे. स्टिरिओचा आउटपुट कागदावर ४ व्होल्टचा आहे, त्यामुळे तेवढा पुरतो. स्टिरिओ तीन चतुर्थांश व्हॉल्यूमवर नेऊन, आवाज फाटायला लागेपर्यंत गेन वाढवला आणि मग जरा मागे घेतला.

आणि स्टिरिओची काळी तार आज कपलरमधल्या मूळ तारेला सोल्डर करून जोडली, बॅटरीकडची काढून टाकली. ट्वीटरला कान लावून बसलो, भावाने आरपीएम तीन हजारावर नेला. काहीही नाही.

जुनी फियाट :
शाब्बास.

कणकवलीकर :
हा धागा वाचून माझ्या गाडीचाही पट्टा मोजला. ०.१९ निघाला. अ‍ॅम्प नाही, काही नाही, पण सकाळी स्टार्टर जड जातो. उद्या बदलतोय. बोरघाट, तुम्ही तारेची लांबी किती घेतलीत? इंजिन हलतं तेव्हा ताण येऊ नये म्हणून ढील ठेवायची का?

बोरघाट :
माझी बॅटरी ते बॉडी आहे, दोन्ही टोकं स्थिर, त्यामुळे जुन्या तारेएवढीच घेतली. तुम्ही इंजिन ते बॉडीचा पट्टा बदलणार असाल तर मात्र ढील हवीच. आणि स्टार्टर जड जातोय म्हणजे बॅटरी ते इंजिनही मोजा, सेल्फ मारताना. स्टार्टरचा करंट त्या तारेतून परत येतो. बोल्टवर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवा, माझा एक तास वाचला असता.